बांध नसलेली टेकडी

जर्मनीला जाऊन आलेल्या माणसाकडून लोकांच्या काही अपेक्षा असतात. राजवाडे, वस्तुसंग्रहालये, निदान एखादे मोठे रेल्वेस्थानक तरी त्याने पाहिलेले असावे. माझ्याकडे त्यांतले सांगण्यासारखे काही नाही. मी एक टेकडी पाहिली, तिच्या पायथ्याची गावे पाहिली आणि टेंभुर्णीला परत आले. ती टेकडीही अशी, की उचलून अजिंठ्याच्या रांगेत ठेवली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. तरीही शेजारणी विचारतात, शाळेतल्या जुन्या सहकारी शिक्षिका विचारतात, आणि चार माणसांपुढे तोंडी सांगायचे म्हटले की माझा घसा कोरडा पडतो. भूगोल शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. पण वर्गात फळ्याकडे तोंड करता येते, ती सोय बैठकीत नसते. म्हणून हे लिहून काढत आहे. लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न आहे आणि तो फार उशिरा होत आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचकांनी सांभाळून घ्यावे.

टेंभुर्णी

आमची धाकटी मुलगी रेवती नोकरीसाठी जर्मनीत गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करण्याचे तिच्या मनात आले. मुलाचे नाव फेलिक्स. त्याचे आईवडील एका टेकडीच्या पायथ्याच्या गावात द्राक्षाची शेती करतात. रेवतीने फोनवर सरळ सांगितले, "तुम्ही दोघं नको म्हणलात तर मी करणार न्हाई. पण न बघता नको म्हणू नका."

माझ्या यजमानांच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. विमानात पाय दुमडून बसणे त्यांना शक्य नव्हते. ते म्हणाले, "तू जाऊन ये. तू हो म्हणलीस तर हो, न्हाई म्हणलीस तर न्हाई. मी मधी बोलणार न्हाई."

घरातल्या पडद्याचा कपडासुद्धा मी कधी एकटीने निवडलेला नाही.

यजमान भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. अंबडपासून भोकरदनपर्यंत शिवाराशिवारांतून त्यांनी साखळी ओढली आणि भावाभावांची, शेजाऱ्याशेजाऱ्यांची भांडणे उन्हात उभे राहून ऐकली. त्या नोकरीने त्यांना माणसे पारखण्याची एक पद्धत दिली आहे. सोयरीक पाहायला गेले की ते आधी घरी जात नाहीत. त्या घराच्या शेतावर जातात आणि बांध पाहतात. दोन शेतांमध्ये न नांगरलेल्या मातीची जी पट्टी असते तो बांध. दरवर्षी नांगराचा फाळ थोडासा तिरपा धरला की शेजाऱ्याची वीतभर जमीन आपली होते. आमच्याकडे याला बांध कोरणे म्हणतात. जिथे बांध सुरीच्या पात्यासारखा उरला आहे, तिथे मुलगी देऊ नये आणि तिथली करू नये, असे त्यांचे मत. आमच्या थोरल्याची सोयरीक केदारखेड्याची. तिथला बांध बैलगाडी जाईल एवढा रुंद होता आणि त्यावर दोन्हीकडच्यांनी मिळून राखलेले लिंब उभे होते. ते पाहून हे तिथूनच होकार देऊन आले. सुनेला त्यांनी नंतर पाहिले.

मला सोडायला ते काठी टेकत फाटकापर्यंत आले. "घर बघू नको," ते म्हणाले. "घराला काय, रंग मारला की झालं. बांध बघ. शेजारी कोण हाय ते बघ. आन मला बराबर सांग."

टेकडी

प्रवास जसा सगळ्यांचा होतो तसा झाला. रेवती विमानतळावर आली होती. आगगाडीने आणि मग बसने आम्ही गावात उतरलो तेव्हा दुपारचे ऊन कोवळे होते. आपल्याकडे मार्गशीर्षात सकाळी असते तसे ते सप्टेंबरच्या भर दुपारी होते.

नकाशात त्या टेकडीला मोठे नाव आहे, पण गावकरी तिला नुसते 'बेर्ग' म्हणतात, म्हणजे डोंगर. आपल्या एवढ्याशा टेकडीला डोंगर म्हणण्यातला त्यांचा जिव्हाळा मला आवडला. दक्षिणेच्या उतारावर द्राक्षांच्या ओळी, त्यांच्या वर आलुबुखाराच्या आणि सफरचंदाच्या बागा, आणि माथ्यावर उंच झाडांची गर्द टोपी. पायथ्याशी वेढा घालून चार गावे. प्रत्येक गावाला एक चर्च, एक बेकरी आणि शेजारच्या गावाबद्दल एक वाईट मत. फेलिक्सच्या आईने, बिर्गिटबाईंनी, पहिल्याच जेवणात बटाट्याचे उकडलेले गोळे वाढले आणि टेकडीपलीकडे बोट दाखवत काहीतरी म्हटले. रेवती हसली. "आई, त्या म्हणतायत की पलीकडच्या गावातले गोळे फार टिकाऊ असतात. पोरं त्यानं फुटबॉल खेळतात."

हे ऐकून मला एकदम बरे वाटले. टेंभुर्णीत बसून आम्हीही शेजारच्या गावाच्या वरणाबद्दल हेच बोलतो.

बिर्गिटबाई उंच, मोकळ्या हसणाऱ्या. त्यांची ओटी भरायची म्हणून मी खण आणि नारळ नेला होता, पण ओटी घ्यायला त्यांना पदर नव्हता. मी घुटमळले. रेवतीने समजावल्यावर त्यांनी स्वयंपाकाचा ॲप्रन दोन्ही हातांनी पुढे धरला, आणि नारळ त्यात पडला तेव्हा त्याच्या वजनाने दचकून माझ्याकडे पाहिले. त्यांचे यजमान लोरेंझ कमी बोलणारे. हात मात्र असा, की हातात घेतल्यावर माझा हात दिसेनासा झाला.

आणि फेलिक्स. तो दारात उभा राहिला, "नमस्कार आई, बसा ना," असे पाठ केलेले वाक्य एका दमात म्हणाला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि पुन्हा जेवण होईपर्यंत काही बोलला नाही. मी बुजऱ्या माणसांना ओळखते. आम्ही हात कुठे ठेवावे हे न कळून ते पाठीमागे ठेवतो. त्याने तेच केले होते.

दुसऱ्या दिवशी रेवतीला ऑफिसचे काम होते, म्हणून टेकडी दाखवायला फेलिक्स मला घेऊन गेला. त्याला मराठीची पाच-सहा वाक्ये येत होती आणि मला जर्मनचे 'धन्यवाद'. वाटेत तो एखाद्या झाडापाशी थांबे आणि हात दाखवी. मी मान हलवी. एका ठिकाणी पडलेले आलुबुखार त्याने पुसून मला दिले. चढाला लागल्यावर मला धाप लागलेली त्याने पाहिली असावी, कारण त्यानंतर तो वारंवार बुटाची नाडी बांधायला वाकू लागला. नाडी सुटलेली नव्हती. आम्ही दोघांनी ती संपूर्ण टेकडी जवळजवळ मुक्याने पार केली, आणि माझ्या आयुष्यातल्या इतक्या निवांत सहली मी फार थोड्या केल्या आहेत.

माथ्यावरच्या बाकावरून चारही गावे दिसतात. समोच्च रेषा वर्षानुवर्षे फळ्यावर खडूने काढल्या. इथे त्या द्राक्षांच्या ओळींनी काढलेल्या होत्या. मी मात्र दुसरेच शोधत होते. बांध कुठे आहे? गव्हाचे कापलेले रान सरळ मक्याच्या रानाला भिडलेले. मका बीटला भिडलेला. एका शेतकऱ्याच्या द्राक्षांची ओळ संपते आणि हातभर अंतरावर दुसऱ्याची बाग सुरू होते. ना मातीची पट्टी, ना बोरी-बाभळी, ना दगडांची रास. जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत बांध नाही.

संध्याकाळी फोनवर यजमानांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "बांध पाह्यला का?"

"अहो, इथे बांधच नाहीत."

"न्हाईत म्हंजे? कोरून खाल्ले का सगळ्यांनी?"

"नाही, मुळातच नाहीत. गवतात कुठेकुठे दगड पुरलेले आहेत म्हणे."

मग ते म्हणाले, "बिलकुल उघडं रान? मंग भांडणं लई असतील. शेजारी बघ."

रविवार

शेजारी मला शोधावा लागला नाही. ती स्वतःच आली.

रविवारी सकाळी बिर्गिटबाईंना भाकरी करून दाखवायची ठरली. ज्वारीचे पीठ मी घरून नेले होते. परात नव्हती, म्हणून त्यांच्या केकच्या मोठ्या ताटात मी पीठ मळले आणि स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी उभी राहून भाकरी थापू लागले. ताट पत्र्याचे, थापेचा आवाज घुमत होता. दुसरी भाकरी थापून होते न होते तोच खिडकीबाहेर एक पांढऱ्या केसांचे डोके उगवले आणि ताडताड बोलू लागले.

"या हिल्डाबाई. शेजारच्या," रेवती हळूच म्हणाली. "रविवारी ठोकाठोकी करायची नसते इथं. त्या विचारतायत, लोरेंझनं सुतार कधीपासून ठेवला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. हात पिठाचे, त्यामुळे तोंड झाकायचीही सोय नाही. बिर्गिटबाईंनी मात्र खिडकीतून तव्यावरची भाकरी दाखवली. हिल्डाबाई दाराने वळसा घालून आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मग आता ठोकलीच आहे तर द्या."

भाकरीला त्यांनी लोणी लावले. शेंगदाण्याची चटणी आधी बोटाच्या टोकावर घेतली, मग चमच्याने. माझी तिसरी भाकरी मी दबक्या हाताने थापत होते, तर त्याच म्हणाल्या, "नीट मारा. आता कोण तक्रार करणार? तक्रार करणारी मीच आहे."

आणि खाता खाता, लोरेंझ समोर बसलेले असताना, त्यांनी ती गोष्ट काढली. रेवती भाषांतर करता करता अडखळली, तेव्हाच माझ्या लक्षात आले की काहीतरी नको ते आहे.

हकिगत अशी. उतारावर लोरेंझ यांच्या द्राक्षांना लागून हिल्डाबाईंची आलुबुखाराची बाग आहे. दोन्हींच्या मध्ये एक दगड होता. उन्हाळ्यात गवत कापताना फेलिक्सच्या ट्रॅक्टरचा धक्का लागून तो उपटला गेला. फेलिक्सने खाली उतरून तो अंदाजाने पुन्हा उभा करून ठेवला.

"अंदाजाने!" हिल्डाबाईंनी भाकरीचा तुकडा हवेत धरला. "या घराचा अंदाज मला ठाऊक आहे. याचा आजाही अंदाजानेच ट्रॅक्टर चालवायचा, आणि तो नेहमी माझ्याच बाजूला घसरायचा."

फेलिक्स खाली मान घालून बसला होता. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

त्या दुपारी फोन आला तेव्हा मी हवामानाबद्दल बोलले, गोळ्यांबद्दल बोलले, बेकरीबद्दल बोलले. यजमानांनी विचारले, "शेजारी कसे हायेत?" मी म्हणाले, "एक म्हातारी आहे. तिला भाकरी आवडली." खोटे काही नव्हते त्यात. पण होणाऱ्या जावयाने हद्दीचा दगड हलवला, हे मोजणीदाराला कसे सांगावे? चोरी त्यांनी एक वेळ ऐकून घेतली असती.

रेवतीला ते कळले. बाकावर शेजारी बसून ती म्हणाली, "आई, तू नको म्हणणार आहेस का?"

"मी अजून काहीच म्हणाले नाही."

"तेच तर. तू काहीच म्हणत न्हाईस." तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. "बुधवारी त्या दगडाचं काम आहे. सातजण येणार आहेत. ते बघ आणि मंग ठरव. पण ठरव."

सातजण

त्या मुलखात प्रत्येक गावात शपथ घेतलेली काही माणसे असतात. मूळची सात, म्हणून त्यांना आजही सातच म्हणतात. बुधवारी प्रत्यक्षात चौघेच आले होते. एकदा शपथ घेतली की ती मरेपर्यंत. हद्दीचा दगड बसवायचा, हलला तर पुन्हा जागेवर लावायचा, हे काम त्यांचेच. दुसऱ्या कोणी दगड बसवायचा किंवा हलवायचा नाही. दगड बसवण्याआधी ते खड्ड्यात काही खुणा ठेवतात. त्या कशाच्या, कशा मांडलेल्या, हे फक्त त्यांना ठाऊक. दगड उपटला गेला, कोणी मुद्दाम सरकवला, तरी मातीतल्या खुणा जागच्या जागी राहतात. ते गुपित लिहून ठेवलेले नाही. जुन्याकडून नव्याच्या कानात जाते. बायकोलाही सांगायचे नसते. तिकडे आता मोजणीची यंत्रे आहेत, उपग्रह आहेत, तरीही हे चालू आहे.

लोरेंझ स्वतः त्या सातांपैकी एक आहेत, हे मला त्या सकाळी उतारावर कळले. पण ते काम करणाऱ्यांत नव्हते. हद्द त्यांचीच, म्हणून ते आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. सातांमधले सर्वांत ज्येष्ठ आल्फोन्स, पूर्वी गावचे पोस्टमन होते. त्यांनी हात वर केला, तशी आम्ही सर्वांनी खड्ड्याकडे पाठ केली. लोरेंझ यांनीही केली. खाली काय आहे हे त्यांना ठाऊक असूनही केली. आम्ही सगळे ओळीने दरीकडे तोंड करून उभे: मी, रेवती, बिर्गिटबाई, लोरेंझ, फेलिक्स आणि हिल्डाबाई. पाठीमागे फावड्यांचा आवाज. खाली चर्चची घंटा वाजली. प्रार्थनेला उभे राहावे तसे ते वाटत होते, फक्त हिल्डाबाई मधूनमधून पुटपुटत होत्या.

खुणा सापडल्या. आल्फोन्सनी हाक मारली तेव्हा आम्ही वळलो. खड्ड्यावर पोते टाकलेले होते, आणि तो खड्डा फेलिक्सने दगड उभा केला होता त्या जागेपासून चांगला हातभर इकडे, लोरेंझ यांच्या द्राक्षांच्या बाजूला होता. म्हणजे फेलिक्सचा अंदाज चुकला होता, आणि चुकून स्वतःच्याच फायद्याचा झाला होता. ओळीच्या शेवटचा, आज्याच्या वेळचा द्राक्षाचा वेल मुळातच हिल्डाबाईंच्या जमिनीत निघाला; जुना दगड गवतात बुडालेला असल्याने ते कधी कोणाच्या लक्षात आले नव्हते.

"बघा!" हिल्डाबाईंनी टाळी वाजवली. "मी म्हणत नव्हते?"

माझे सारे लक्ष फेलिक्सकडे होते. तो पुढे झाला. हात पाठीमागे गेलेले त्याने मुद्दाम पुढे आणले. मग त्या मुक्या मुलाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एक लांब वाक्य म्हटले. रेवतीने ते माझ्या कानात सांगितले: "दगड मी पाडला आणि मीच चुकीच्या जागी ठेवला. वेल तुमचा आहे. काढून हवा असेल तर आज काढून देतो."

"काढतोस कशाला?" हिल्डाबाई म्हणाल्या. "तू छाट, तू पाणी घाल, द्राक्षं मी खाते." मग माझ्याकडे वळून, रेवतीला खूण करून, त्या पुढे म्हणाल्या, "यांना सांग, ज्या दिवशी दगड पडला त्याच संध्याकाळी हा माझ्या फाटकाशी येऊन उभा होता. घंटी वाजवली आणि तोंडातून शब्द फुटेना. मला वाटलं, याच्या घरी कोणी गेलं की काय! शेवटी मीच विचारलं, 'काय पाडलंस?'"

"मग रविवारी हे का नाही सांगितलं?" रेवतीने विचारले.

"रविवारी मी भांडत होते," हिल्डाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. बिर्गिटबाईंनी थर्मास उघडला, आलुबुखाराचा केक कापला. ट्रॅक्टरच्या धक्क्याने जुना दगड चिरला होता, म्हणून चौघे जण नवा दगड आणायला ट्रॉलीकडे गेले. तो जड होता, लोरेंझ आणि फेलिक्सही हात लावायला गेले. रेवती कप वाटत होती. आणि मी त्या पोते टाकलेल्या खड्ड्यापाशी एकटी उरले.

पुढे जे झाले ते माझ्यासारख्या बाईकडून कसे झाले, याचे मला अजून नवल वाटते. मला दिसत होते ते एवढेच: खड्डा खणला आहे, त्यात काही पवित्र म्हणून ठेवले आहे, दगड येतो आहे, आणि दगड बसला की खड्डा कायमचा बुजणार आहे. आमच्याकडे विहिरीची पायाभरणी असो, घराचे जोते असो, माती पडण्याआधी हळदी-कुंकू वाहायचेच. ते राहिले तर आयुष्यभर रुखरुख. तिथल्या कोणालाच त्याची आठवण नव्हती, आणि ट्रॉलीकडून दगड निघालेला होता. माझ्या पर्समध्ये बिर्गिटबाईंच्या ओटीसाठी आणलेला करंडा होता. मी वाकले, पोते बाजूला केले, चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू खड्ड्यात वाहिले आणि हात जोडले.

"नाइन!" म्हणजे 'नाही'! असा आवाज आला, की समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले.

आल्फोन्स धावत आले. पाठोपाठ बाकीचे. दगड गवतात तसाच पडला. माझ्या हातात अजून करंडा, डोळे खड्ड्यावर. खड्ड्यात काय होते ते मी पाहिले होते. आता ते न पाहिलेले होणार नव्हते.

रेवती केकचे ताट तसेच हातात घेऊन पळत आली. ती पांढरीफटक पडली होती. आल्फोन्स काहीतरी विचारत होते, आणि आवाज न चढवता विचारत होते, हे जास्त भीतिदायक होते. "आई," ती म्हणाली, "ते विचारतायत, तू खाली काय पाहिलंस?"

फेलिक्सकडे माझी नजर गेली. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, पण ती स्वतःसाठी नव्हती. चारचौघांत बोलायची पाळी आलेल्या बुजऱ्या माणसासाठी दुसऱ्या बुजऱ्या माणसाला वाटावी तशी ती होती.

मी खड्ड्याकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "हळद आणि कुंकू."

रेवतीने ते सांगितले. आल्फोन्सनी मिशीवरून बोट फिरवले. खड्ड्यात डोकावले. माझ्याकडे पाहिले. पुन्हा खड्ड्यात डोकावले.

"बरोबर," ते म्हणाले. "तेच आहे तिथे."

हळदी-कुंकवासकट त्यांनी माती लोटली. दगड बसला. मग त्यांनी मला जवळ बोलावले, माझा उजवा हात दगडावर ठेवला आणि म्हणाले, तुमच्या भाषेत वचन द्या. दगड थंड होता. मी म्हणाले, "शिवेची आण आहे. हे माझ्यापाशीच राहील." कोणालाही त्यातला शब्द कळला नसावा, पण चौघांनीही टोप्या काढल्या.

टोप्या पुन्हा डोक्यावर जायच्या आत हिल्डाबाई बोलल्या. रेवती ऐकून लाल झाली आणि भाषांतर करीना. मी आग्रह केला तेव्हा म्हणाली, "त्या म्हणतायत, गावाचं गुपित घेऊन बाई अशी परदेशात कशी जाऊ द्यायची? एक तर हिला इथंच ठेवून घ्या, न्हाईतर सोयरीक करा."

फोन

त्याच दुपारी मी स्वतःहून फोन लावला. तिकडे टेंभुर्णीत संध्याकाळ झाली होती. मागे सुनेच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी सगळे सांगितले. दगड पडला इथपासून सांगितले. फेलिक्सने तो उभा करून ठेवला हे सांगताना माझा आवाज खाली गेला.

"दगड हलवला त्यानं?" यजमान म्हणाले.

"हलवला. आणि त्याच संध्याकाळी शेजारणीच्या दारात जाऊन उभा राहिला. आज सगळ्यांसमोर बोलला. त्याला बोलायला किती जड जातं, ते मला माहीत आहे."

"आन बाप?"

"बापाने पाठ केली. स्वतः शपथेचा माणूस असून, स्वतःच्या हद्दीवर पाठ करून उभे राहिले. हातभर जमीन गेली. मग सगळ्यांनी केक खाल्ला."

मग ते म्हणाले, "इतकी वर्षं मोजणी करून राह्यलो, पण हातभर गेल्यावर केक खाताना कोणाला पाह्यलं न्हाई." आणि लगेच, अगदी हलक्या आवाजात, "बरं, मला एक सांग. खड्ड्यात काय होतं? खुणा कशाच्या ठेवतात ते?"

"ते सांगता येत नाही."

"अगं, मला सांगायला काय हरकत हाय? मी काय काठी टेकत तिकडं दगड उपटायला जाणार हाय का? आमचं खातं हाय ते. खात्यातली गोष्ट हाय."

"खात्यातली नाही. घरातली आहे."

"कोणत्या घरातली?"

रेवती दारात उभी होती, तिच्यामागे फेलिक्स, हात पाठीमागे. मी म्हणाले, "आपल्या रेवतीच्या."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग त्यांनी सुनेला हाक मारलेली मला ऐकू आली: "सुनीता, ते कॅलेंडर आण बरं जल्दी. तुझी सासू हो म्हणून बसली!"

टेंभुर्णी, पुन्हा

लग्न थंडीत, इथेच करायचे ठरले आहे. तिकडून बिर्गिटबाई आणि लोरेंझ येतील, आणि हिल्डाबाईंनीही येण्याचे कळवले आहे. लग्नात थापाथापी किती वाजेपर्यंत चालते, असे त्यांनी विचारले आहे. आमच्या रीतीप्रमाणे वरपक्षाला गावाच्या शिवेवर सामोरे जाऊन पूजन करायचे असते. गावात आता कोणी शिवेपर्यंत जात नाही, मंगल कार्यालयाच्या दारातच ते उरकतात. यजमानांनी मात्र हट्ट धरला आहे की या वेळी खऱ्या शिवेवरच जायचे. ती जागा बरोबर कोणती, हे गावात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. परवा काठी टेकत जाऊन ते खूण करून आले.

त्यांचा बेत मला कळलेला आहे. शिवेवर उभे करून लोरेंझना ते विचारणार आहेत, सोयऱ्याने सोयऱ्याला विचारावे तसे. लोरेंझ काय करतील, तेही मला ठाऊक आहे. ते हसतील आणि पाठ करतील.

मधल्या काळात विचारणे मलाच सहन करावे लागते. सकाळी चहाची कपबशी पुढे केली की ते इकडेतिकडे पाहतात आणि आवाज खाली आणतात. "सगळं नको सांगू. नुसतं एवढं सांग. वस्तू मातीची हाय का धातूची?"

मी त्यांना विचारते, साखर पुरेशी आहे का.